पत्रास कारण, बिजागरी

३ जानेवारी, शनिवार. सकाळी
दुकानाचं शनिवारचं ईमेल आता मी लिहिणार. सूनबाईने काल जेवताना जाहीर केलं. म्हणजे ती म्हणाली असं की, तिला वेळ होत नाही, आणि बाबा गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना तेच तेच किस्से ऐकवतात, त्यापेक्षा ते लिहून काढलेले बरे. याचा सरळ अर्थ, माझ्यातला लेखक तिने ओळखला. मुलगा माल आणायला गावोगाव हिंडतो, त्याला घरातला बाप कधी दिसला नाही तर लेखक कुठून दिसणार.

आमचं दुकान कड्या, कुलपं, मुठी आणि बिजागऱ्यांचं. आजवर ईमेल जायचं त्यात कुलपाचा एक फोटो आणि खाली 'आपले नम्र'. ते शंभरात पाच जण उघडतात म्हणे. त्यातले एक मी आणि एक सूनबाई.

संकल्प: रोज सकाळी अर्धा तास लिखाण. ईमेल वाचून माणसाला वाटलं पाहिजे की घरचंच कोणी बोलतंय. खोटं एक अक्षर लिहायचं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
लिखाण उद्यापासून. आजचा वेळ पेन्सिलीला टोक काढण्यात गेला. टाइप करायचं आहे हे नंतर लक्षात आलं.

१० जानेवारी, शनिवार
पहिलं ईमेल गेलं. विषय: 'पितळी बरी की स्टीलची? एक सखोल विचार.' दोन बोटांनी टाइप करून चार पानं भरली. शाळेत फार दिवस टिकलो नाही, जे शिकलो ते कुलपं उघडून शिकलो. पण लिहायला बसलो तर हात थांबेना. शेवटी आमची ही म्हणाली की बिजागरी एवढी लांब असती तर दार लावता आलं नसतं.

पाठवायचं काम सोपं आहे. एक भलंमोठं हिरवं बटण आहे. ते दाबायचं.

१२ जानेवारी
उघडणारे: चार. शेवटपर्यंत वाचणारा: मी. समोरच्या शिंप्याने यादीतून नावच काढून टाकलं. ईमेलच्या तळाशी बारीक अक्षरात त्याची सोय असते, हे आजच कळलं. ही सोय कशाला ठेवावी? शिंपी रस्त्यात भेटला तेव्हा त्याच्या चपलेचा अंगठा एकाएकी तुटला आणि तो खाली वाकून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, काका, मी रोज तुमच्याच पायरीवर चहा पितो, मला पत्र कशाला? मुद्दा चुकीचा नाही, पण सांगण्याची वेळ चुकली.

१६ जानेवारी
सूनबाईने एक लेख वाचून दाखवला. सार असं: वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे की हे फक्त मलाच लिहिलंय. त्यासाठी आपण 'प्रिय' एवढंच लिहायचं, पुढे ज्याचं त्याचं नाव मशीन आपोआप घालतं. मी थक्क झालो. असलं मशीन माझ्या लग्नाच्या पत्रिका वाटताना असतं तर थोरल्या आत्याचा राग वाचला असता.

मी लिहिलं: 'परवा तुमच्या दारावरून गेलो. दार बंद होतं. म्हटलं, बरे आहात ना? हाक मारणार होतो, पण घाईत होतो.'

हे सगळ्यांना जाणार म्हणून मन थोडं खात होतं. पण शांतपणे विचार केला. दारं बहुतेक वेळ बंदच असतात. आपण विकतोच त्यासाठी. आणि मी रोज बँकेत, भाजीला, न्हाव्याकडे जातो, तेव्हा पुष्कळांच्या दारावरून गेलोच असणार. तेव्हा हे खोटं नव्हे, अंदाज आहे.

१९ जानेवारी
निम्म्यांनी उघडलं! सूनबाईने दोनदा मोजलं. उत्तरंसुद्धा आली. प्लंबर म्हणतो तो दिवसभर दुसऱ्यांच्या मोऱ्यांखाली होता. बेकरीवाल्या बाईंनी कळवलं की दार सताड उघडं होतं, त्या दारातच बसल्या होत्या, आणि मी आता चष्मा बदलावा.

एक उत्तर मात्र लांबलचक. लिहिणारे गृहस्थ इस्पितळात जन्मभर लिफ्ट चालवायचे. निवृत्त, एकटे, आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. कधीतरी भाचीसाठी आमच्याकडून कुलूप नेलं होतं. भाची परदेशी जाताना त्यांना ईमेलचं खातं उघडून देऊन गेली, पण तिचे फोन येतात, ईमेल कुणाचंच येत नाही. फक्त माझं आलं. लिहितात, मी दुपारचा पडलो होतो, तुम्ही परत गेलात याची चुटपुट लागली, पुढच्या वेळी बेल दोनदा वाजवा.

वाचून कसंसंच झालं. त्यांना सरळ कळवायला हवं की ते पत्र सगळ्यांना गेलं होतं. उद्या कळवतो.

२३ जानेवारी
कळवायचं राहिलं. एक तर परवा सर्दी. दुसरं, काय लिहिणार? 'तुम्ही बरे आहात का हे मी खास तुम्हाला विचारलं नव्हतं' असं कोणी लिहितं का? माणुसकी म्हणून काही आहे.

त्यांचं आज आणखी एक पत्र. शनिवारी तुमचं येतं, तर मी शुक्रवारी लिहीत जाईन, असं ठरवलंय त्यांनी. नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांचा टाय लिफ्टच्या दारात अडकला आणि दोन मजले ते दाराला नाक लावून उभे होते. आतल्या डॉक्टरांना वाटलं, नवीन लिफ्टवाल्याची उभं राहायची पद्धतच तशी. पोट धरून हसलो.

२४ जानेवारी, शनिवार
सकाळपासून सुचेना. सूनबाई तीनदा डोकावून गेली. शेवटी टाय माझा केला आणि लिफ्टच्या जागी दुकानाचं शटर. तसं पाहिलं तर कल्पना तेवढीच उसनी, शटर पूर्ण माझं आहे. मी आयुष्यात टाय बांधलेला नाही, पण बांधला असता तर तो शटरमध्येच अडकला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

बटण दाबताना अंगठा जरा अडखळला. तर्जनीने दाबलं.

२७ जानेवारी
आता शुक्रवारची वाटही न पाहता लिफ्टवाल्यांचं पत्र. म्हणतात, तुमचाही टाय? दोघांचं नशीब एकाच शिंप्याने शिवलेलं दिसतंय. मला वाटायचं असला गाढवपणा जगात मी एकट्यानेच केला. आज फार हलकं वाटलं.

त्यांना हलकं वाटलं, ही जमेची बाजू. मला जड वाटतंय, ते जेवण उशिरा झाल्यामुळे असावं. आज रात्रीच सगळं स्पष्ट लिहून टाकतो.

२८ जानेवारी
काल लवकर झोप लागली.

३० जानेवारी, शुक्रवार
लिफ्टवाल्यांचं पत्र. उतरवून ठेवतो, कारण मला दुसरं काही सुचत नाही. त्यांच्या आतल्या खोलीचं दार करकरतं. रात्रपाळी करून पहाटे आले की ते दार करकरायचं, आणि त्यांची बायको झोपेतच विचारायची, आलात? हे म्हणायचे, आलो. मग ती कूस बदलायची. त्यांनी कितीदा तेल घालतो म्हटलं, पण तिने कधी घालू दिलं नाही. मला कसं कळणार तुम्ही आलात, म्हणायची. ती गेल्यावरही त्यांनी तेल घातलेलं नाही. खोलीत शिरतात, दार करकरतं, आणि हे म्हणतात, आलो.

शेवटी लिहितात, हे कोणाला बोललो नाही, भाचीलाही नाही. समोरासमोर तुम्हालाही सांगता आलं नसतं.

संकल्प: हे पत्र वापरायचं नाही. इतकंच काय, त्याचा विचारसुद्धा करायचा नाही.

३१ जानेवारी, शनिवार. दुपारी
विचार करून पाहिला. पितळेवर आणखी चार पानं होतील, पण शिंप्यानंतर आता न्हावीही जाईल. सूनबाई म्हणते, बाबा, लोक वाट बघतात हो तुमची. साठी उलटल्यावर हे वाक्य ऐकायला मिळणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक.

मी त्यांची गोष्ट घेतलीच नाही. माझ्या गोष्टीत दुकानातून उशिरा येणारा नवरा आहे, रात्रपाळी नाही. माझी बायको जिवंत आहे. म्हणजे गोष्ट मुळातच वेगळी झाली.

संध्याकाळी
पाठवलं. विषय: 'आलात?'

२ फेब्रुवारी
दहात आठ जणांनी उघडलं. सूनबाई म्हणते असं तिच्या लेखातसुद्धा नव्हतं. बेकरीवाल्या बाई रडल्या. प्लंबरने बायकोला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, तुम्ही कधी येता-जाता ते मला तुमच्या बुटांच्या वासावरून कळतं.

धंद्यावर परिणाम संमिश्र. तीन गिऱ्हाइकं करकरणारी बिजागरी मागत आली. नवीन बिजागरी करकरत नाही, ती वर्षानुवर्षं दुर्लक्ष केल्याशिवाय होत नाही, असं सांगितलं तर एक गृहस्थ म्हणाले, मग जुनी दाखवा. तेलाची डबी एकही खपली नाही.

हिने अजून वाचलेलं नाही. तिला ईमेल नाही, हे किती बरं.

लिफ्टवाल्यांचं उत्तर नाही. तब्येत बरी नसेल.

४ फेब्रुवारी, बुधवार
हे लिहायचं नव्हतं, पण मग रोजनिशी कशाला ठेवायची.

सूनबाई बाहेर गेली होती म्हणून ही गल्ल्यावर बसली होती. दुकानात चार माणसं. बेकरीवाल्या बाई हिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, वहिनी, तुमच्या दाराची ती करकर, काय हो तुमचं प्रेम. ही म्हणाली, कसली करकर? बाईंनी सगळं सांगितलं, 'आलात' पासून कूस बदलण्यापर्यंत. हिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, आमचं दार सरकतं आहे, त्याला बिजागरीच नाही. आणि हे घरी आले की मला उठवून विचारतात, जेवायला काय आहे.

सगळे खो खो हसले. मीही हसलो, हसणं भाग होतं.

दाराशी एक उंच, वाकलेले गृहस्थ उभे होते. आत येणारा प्रत्येक जण पुढे जाईपर्यंत तळहाताने दार धरून ठेवलेलं. असं दार मी कुणाला धरताना पाहिलेलं नाही. लगेच ओळखलं. ते हसत नव्हते. माणसं गेल्यावर पुढे आले आणि माझ्याकडे न बघता हिला म्हणाले,

"तेलाची एक डबी द्या. आतल्या खोलीच्या दाराला हवंय."

हिने डबी दिली, सुटे परत दिले. जाताना त्यांनी आमचं दार हळूच ओढून घेतलं. आवाज झाला नाही. आमच्या दाराचा होतच नाही.

हिने गल्ला बंद केला. मग म्हणाली, गोष्ट त्यांची होती ना?

५ फेब्रुवारी
आजच जाणार होतो. त्यांनी तेल घालायच्या आत. पण रिकाम्या तोंडाने कसं जायचं? असल्या प्रसंगी नेमकं बोलता येत नाही, मी मूळचा लिहिणारा माणूस. आधी नीट पत्र लिहावं, मग भेटावं, हे बरं.

ही म्हणते, "अहो, मागच्या गल्लीत राहतो तो माणूस. तिथे जायला पत्र लागतं?" तिला लिखाणातलं कळत नाही.

६ फेब्रुवारी
पत्र आकार घेतंय. 'माझी चूक झाली' इथून सुरुवात करावी की शेवट, यावर सकाळ गेली. 'क्षमस्व' कोरडं वाटतं, 'माफ करा' हे बसमध्ये पाय पडल्यावर म्हणतात. 'अपराधी आहे' चांगलं, पण त्यानंतर पोलीस येतात असं वाटतं. खोडून खोडून शेवटी चांगलं जमलं. एका ठिकाणी माझेच डोळे भरून आले.

डबीचं झाकण घट्ट असतं. म्हाताऱ्या माणसाला पटकन उघडत नाही. वेळ आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार
पाठवलं. फक्त त्यांना. वर 'प्रिय' लिहिलं, मशीन नाव घालतंच. मजकूर असा होता: 'तुम्ही विश्वासाने जे माझ्या हाती दिलंत ते मी बाजारात मांडलं. तुम्हाला मी काय केलं ते माहीत आहे, वेगळं सांगत नाही. जमलं तर क्षमा करा.' मनात त्यांचा चेहरा आणून हिरवं बटण दाबलं. ओझं उतरलं. दोन वेळा जेवलो.

९ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी
मशीनला माझ्या मनातलं कळत नाही. सूनबाईने समजावून सांगितलं. ते बटण एकच काम करतं: सगळ्यांना पाठवतं. ज्याचं त्याचं नाव घालून.

यादीतल्या प्रत्येकाने उघडलं. एकूण एक. आणि एकूण एक जणांनी मला क्षमा केली आहे.

प्लंबर लिहितो, शिडी तुमच्याकडेच आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं, पण मोठ्या मनाने कबूल केलंत, आता आणून द्या. न्हावी म्हणतो, मागल्या वर्षी दुसरीकडे केस कापून आलात हे मी मानेवरून ओळखलं होतं. बेकरीवाल्या बाई म्हणतात, माझ्या भावाच्या स्थळाबद्दल तुम्हीच नको ते बोललात ना, जाऊ दे, झालं ते बऱ्यासाठी झालं. माझा स्वतःचा साडू लिहितो की तो विसरलेला नाही, पण माफ करतो आहे. काय विसरलेला नाही, ते लिहिलेलं नाही.

यातलं निम्मं मी केलेलं आहे. शिडी माळ्यावर सापडली.

सूनबाई फार खूश. बाबा, महिन्यातून एकदा क्षमा मागूया का, विचारते.

संध्याकाळी
लिफ्टवाल्यांचं उत्तर तेवढं नाही. सूनबाईला म्हटलं बघ. तिने बघितलं. त्यांनी बुधवारीच यादीतून नाव काढलंय. तळाची बारीक अक्षरं वाचून.

म्हणजे साऱ्या गावाला पत्र गेलं. ज्याला जायचं त्याला नाही.

१० फेब्रुवारी
गेलो. हिने दारापर्यंत येऊन बघितलं मी त्याच बाजूला वळतो का.

बेल दोनदा वाजवली. त्यांनी आत घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. मी खिशातून पत्राची प्रत काढली आणि वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाले, चांगलं लिहिलंय. आणखी कोणाला पाठवलंत?

म्हटलं, सगळ्यांना.

ते हसतील असं मला का वाटलं कोण जाणे. त्यांनी पाण्याचा पेला उचलून आत नेला. जाताना आतल्या खोलीचं दार ढकललं. दार अलगद उघडलं. मी कान देऊन बसलो होतो. काही नाही.

बाहेर येऊन म्हणाले, "बुधवारी डबी आणली, पण उघडली नाही. म्हटलं, दुकान इथेच आहे, येतील. शनिवारपर्यंत वाट बघितली."

शनिवारी मी बटण दाबत होतो.

मग त्यांनी सांगितलं की तेल घातलं ते तुमच्यावरच्या रागाने नाही. दार करकरलं की आता बेकरीवाल्या बाई आठवायच्या, दुकानातलं हसणं आठवायचं. 'आलो' म्हणायला जीभ उचलेना. त्यापेक्षा गप्प दार बरं.

शेवटी जे येतं ते बोललो. म्हटलं, तेल कायमचं नसतं. बिजागरीचा खिळा काढून रॉकेलने धुतला, कोरड्या फडक्याने पुसला, थोडी धूळ बसू दिली, तर आवाज परत येतो. येईलच असं नाही, पण येतो.

ते म्हणाले, तुम्हाला येतं हे?

म्हटलं, हेच तेवढं येतं.

१३ फेब्रुवारी
मधली बिजागरी धुतली. पातळ, चिरका आवाज आला. ते आत पलंगावर डोळे मिटून बसले होते. म्हणाले, नाही, हा शेजारच्यांच्या फाटकाचा आहे.

१७ फेब्रुवारी
वरची आणि मधली, दोन्ही. जाड आवाज. म्हणाले, ही ओरडल्यासारखी वाटते. तिचं दार विचारायचं. उद्या खालची बघू, म्हटलं. ते म्हणाले, पान्हा आणि पेचकस रोज नेता कशाला, इथेच ठेवा.

निघताना आणखी काही बोलले. ते इथे लिहीत नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
खालची बिजागरी गंजलेली निघाली. उद्या पुन्हा जायचं आहे. आवाज अजून जमलेला नाही, आणि खरं सांगायचं तर जमेल असं मला वाटत नाही. त्यांनाही वाटत नसावं. तरी दार उघडतो, मिटतो, ते ऐकतात.

सूनबाईने विचारलं, बाबा, उद्याच्या ईमेलचं काय? लोक विचारतायत.

म्हटलं, लिही, 'चार इंची बिजागरी आली आहे.'

ती म्हणाली, पुढे?

म्हटलं, पुढे काही नाही.

ती म्हणाली, मग हे उघडणार कोण?

म्हटलं, ज्याला बिजागरी हवी असेल तो.